मानवलंय म्हणे

मंगळवार, रात्री साडेदहा

कोल्हापुरात, कपिलतीर्थाच्या मंडईत मेथीची जुडी बघत होते. मागून मावशी. "अगं, मानवलंय की गं तुला! चांगली सुटलीयास." गालावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. हात वर गेला तशा तिच्या बांगड्या सरकन कोपराकडे गेल्या. मी हसले, जुडी पिशवीत टाकली आणि पैसे न देताच चालू लागले. भाजीवालीनं हाक मारली तेव्हा भान आलं.

सकाळपासून तो एक शब्द दातात अडकलाय. मानवलंय. काय मानवलं? हे वर्ष?

सुटलीयास याचं काही वाटत नाही. सहा किलो आहेत, खोटं कशाला बोलायचं. सलतंय ते मानवलंय. आपल्याकडे काळजीनं माणूस वाळतं, झुरतं, खंगतं, त्याची हाडं वर येतात. सुखानं भरतं, अंगी लागतं, बाळसं धरतं. काळजीनं फुगलेल्या माणसासाठी मात्र अख्ख्या मराठीत एक शब्द सापडेना. ज्याचं दुःख पोटावर साठतं त्याला दुःख झालंच नाही, असा सरळ हिशेब.

आणि सल्ल्यासाठी समोरच्या खुर्चीत येऊन बसणाऱ्यांना रोज मीच सांगते की काळजीनं दोन्ही होतं, वाळणंही आणि सुटणंही. ताणाच्या पहिल्या झटक्यात ॲड्रेनलिन भूक मारतं. दवाखान्याच्या बाकड्यावर घास उतरत नाही तो त्यानं. तोच ताण आठवडेच्या आठवडे राहिला की कारभार कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाकडे जातो. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्यूटरी ग्रंथीला कळवतो, पिट्यूटरी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रेनल ग्रंथींना, आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. एरवी कॉर्टिसॉल सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यात वर असतं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला तळाला. ताण लांबला की संध्याकाळी ते हवं तितकं उतरत नाही. मग रात्री भूक लागते, आणि ती भाकरीची नसते. भडंगाची असते, कट वड्याची, पेढ्याची. खाल्लेलं साठतं तेही पोटाच्या आत, आतड्यांभोवती, कारण तिथल्या चरबीत कॉर्टिसॉलला दार उघडणारे रिसेप्टर जास्त. त्याच वेळी दंड-मांड्यांचे स्नायू मात्र झिजत असतात. म्हणजे झिजणं आणि सुटणं एकाच अंगात चालू. हे मेथीच्या ढिगापाशी उभं राहून कसं सांगायचं?

१९३६ साली ताणावर संशोधन करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी थंडी, जखम, अतिश्रम अशा वेगवेगळ्या त्रासातून गेलेले उंदीर तपासले, तर त्रास कुठलाही असो, ॲड्रेनल ग्रंथी सुजलेल्या. त्या उंदरांना निदान कुणी मानवलंय म्हटलं नसेल.

झोपेचं तर विचारूच नये. शिकागोतल्या २००४ च्या अभ्यासात १२ धडधाकट तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं आणि दोन रात्री दहा तास. कमी झोपेनंतर पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त. दोन रात्रींत एवढं. अण्णांच्या आजारपणातल्या रात्री किती झाल्या ते... नको. आज ते लिहायचं नाही.

दुसरा एक अभ्यास मला जास्त टोचतो. ओहायोतला, २०१४ चा. बायकांना ९३० कॅलरींचं, ६० ग्रॅम चरबीचं जेवण दिलं. आदल्या दिवशी ज्यांना मनस्ताप झाला होता त्यांनी पुढच्या सात तासांत सरासरी १०४ कॅलरी कमी जाळल्या. ताट तेच. म्हणजे "तोंडावर ताबा नाही" हे वाक्यसुद्धा अर्धंच खरं. त्याच पंगतीत शेजारी बसून तेच जेवलेल्या निवांत बाईच्या अंगी ते तेवढं लागत नाही, आणि माझ्या लागतं, आणि वर माझंच कौतुक. मानवलंय.

इथवर लिहून उठले, पाणी प्यायले. स्वतःची कीव करायला साडेदहाची वेळ फार सोयीची असते.

आज काट्यावर शनिवारपेक्षा १.४ किलो जास्त होते आणि मावशीच्या आधी तोच आकडा डोक्यात होता. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. तर १.४ किलोला पावणेअकरा हजार, त्याही रोजच्या गरजेच्या वर, तीन दिवसांत. एवढं खायला पंगतीत चार वेळा बसावं लागेल. ते पाणी आहे. रविवारचा तांबडा-पांढरा, त्यातलं मीठ, आणि भाताचा शरीरात साठलेला ग्लायकोजेन, जो ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसतो. हे इतरांना घडाघडा सांगता येतं. स्वतः काट्यावर उभं राहिलं की सगळं विसरतं.

रोज वजन करून कुढणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा करावं. ठरलेले वार, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच फरशीवर. चटईवर काटा ठेवला तर तो काहीही सांगतो. पाळीच्या आधीच्या चार-पाच दिवसांचा आकडा सोडून द्यावा. काट्यापेक्षा टेप खरी: शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये, जमिनीला समांतर, नेहमीसारखा श्वास सोडून झाल्यावर. पोट आत ओढायचं नाही. भारतीय बायकांना ८० सेंटीमीटर, पुरुषांना ९० ही हद्द. बायका नाडीच्या जागी मोजतात, पुरुष पँटचा नंबर सांगतात. नाडी आणि पँट दोन्ही पोटाच्या खाली घसरलेल्या असतात, त्यामुळे सगळे हद्दीत.

सोमवारपासून काकडी आणि ग्रीन टी, हा तर गावातला आवडता प्रकार. उपासमार हाही शरीराला ताणच वाटतो, कॉर्टिसॉल आणखी चढतं आणि गुरुवारी माणूस गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर सापडतं. ताणाच्या दिवसांत खाणं एकदम तोडायचं नसतं, दुपारचं जेवण घट्ट करायचं असतं. ६० किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. अंड्यात सहा, वाटीभर घट्ट उसळीत सात-आठ. रविवारचं मटण शनिवारपर्यंत पुरत नाही. दुपारी भाकरी, मटकी, दही नीट झालं की रात्रीचा भडंगाचा डबा आपोआप हलका वाजतो. तरीही हात गेलाच तर स्वतःला विचारायचं, आत्ता नुसती ज्वारीची भाकरी दिली तर खाशील? खाईन म्हटलं तर भूक खरी, खाऊन घ्यावं. नको म्हटलं तर ती भूक नाही.

मग ती जाईपर्यंत काय करायचं? चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, मिनिटाला सहा, पाच मिनिटं. श्वास सोडताना हृदयाची गती उतरते, म्हणून सोडणं लांब. बहुतेक जण इथे छाती फुगवून जोर लावतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं गरगरतं आणि "मला प्राणायाम मानवत नाही" म्हणून सोडून देतात. (बघा, पुन्हा तोच शब्द.) श्वास नेहमीएवढाच घ्यायचा, फक्त सावकाश सोडायचा.

चहाबद्दल मी बोलणं सोडलंय. दोन चमचे साखर म्हणजे ४० कॅलरी, असे सहा कप म्हणजे २४०. त्यातून कॅफिन निम्मं उतरायला पाचेक तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाचा कप अकरा वाजता अर्धा जागा असतो. दुपारी तीननंतर नको म्हणावं. पण कोल्हापुरात कुणाच्या घरी जाऊन चहा नको म्हणणं म्हणजे नात्याला हात घालणं.

आणि रंकाळ्याची फेरी भेळेच्या गाडीपाशी संपवायची, हा आपला व्यायाम. अर्ध्या तासाच्या चालण्यात शे-सव्वाशे कॅलरी जातात, भेळ त्या व्याजासकट परत देते. जेवल्यावर पंधरा मिनिटं गल्लीतच चाललेलं बरं, साखर कमी चढते. स्नायू टिकवायला आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठबस, दहा-दहाच्या दोन फेऱ्या. तालमींच्या गावात बायकांना बैठका सांगितल्या की त्या तोंडाला पदर लावतात.

अर्थात सगळंच ताणावर ढकलून चालत नाही. थायरॉइड असतं, स्टेरॉइडच्या गोळ्या असतात, मनाच्या काही औषधांनी वजन चढतं. आणि उलटंही. काही न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्के वजन उतरलं तर...

बांगड्या.

गेल्या दिवाळीत मावशीला त्या चढवायला साबण लावावा लागला होता. आज कोपरापर्यंत. ५५ किलोचे पाच टक्के म्हणजे पावणेतीन किलो, हे त्याहून नक्की जास्त आहे. सगळे म्हणतात अण्णांच्या काळजीनं वाळली. मीही म्हटलंय, संक्रांतीला, हळदीकुंकवात, सगळ्यांसमोर. शब्द तयारच होता, म्हणून कुणी पुढं काही विचारलं नाही. तहान फार लागते का, रात्री किती वेळा उठते, धडधडतं का, काहीच नाही. मी माझ्या एका शब्दावर दिवसभर रुसून बसले.

उद्या सातच्या आत फोन करायचा. उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची), टीएसएच (थायरॉइडची). चहा घेऊ नकोस, मी न्यायला येते, म्हणायचं. ती आधी चहाच ठेवते.