कंत्राटी नोकरीतला बुडालेला पीएफ कसा मिळवला: माझा अनुभव

राज्य शासनाच्या एका कार्यालयात मी डेटा एन्ट्री ऑपरेटर आहे, पण कागदोपत्री मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराची कामगार. पगारपत्रकात दरमहा १२ टक्के पीएफ कापलेला दिसायचा. यूएएनच्या, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकाच्या, पासबुकात मात्र मधले काही महिने कोरे. भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. सुपरवायझरचं उत्तर ठरलेलं, "बिल निघालं नाही अजून." लेखा शाखेत विचारलं तर ठेकेदाराची बिलं वेळेवर निघत होती. वर मालकाचा पीएफ हिस्सा आणि ठेकेदाराचं सेवाशुल्कही त्यातूनच जात होतं!

त्याच सुमारास, सप्टेंबर २०२३ मध्ये, कंत्राटी मनुष्यबळ पुरवणाऱ्या ९ एजन्सींच्या पॅनेलचा शासन निर्णय निघाला आणि ऑक्टोबरात तो रद्द करत असल्याचं जाहीर झालं. आता पीएफ विसरा, असं सहकारी म्हणू लागले. पण आमचं कंत्राट कार्यालयाच्या स्वतंत्र निविदेतलं, त्याला धक्का लागला नाही.

मग दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला. ठेकेदाराला दिलेल्या कार्यादेशाची (वर्क ऑर्डरची) प्रत, त्या महिन्यांची देयकं आणि त्यांना जोडलेली पीएफ चलनं, एवढंच मागितलं. 'त्रयस्थ पक्षाची माहिती' म्हणून नकार आला, तो प्रथम अपिलात टिकला नाही.

कागद आले तेव्हा खरी मेख कळली. चलन होतं, रक्कमही भरभक्कम. पण ते ठेकेदाराच्या सगळ्या ठिकाणच्या कामगारांचं एकत्र. नावनिहाय यादी, म्हणजे ईसीआर, जोडलेलीच नव्हती. त्यात आम्ही आहोत की नाही, हे लेखा शाखेलाही सांगता येईना. कार्यादेशात मात्र यादीशिवाय देयक मंजूर करू नये, अशी अट स्पष्ट छापलेली.

कार्यालयप्रमुखांच्या नावे अर्ज दिला, आवक शाखेची पोच घेतली. कर्मचारी भविष्य निधी योजना, १९५२ च्या परिच्छेद ३० चा हवाला दिला. ठेकेदारामार्फत घेतलेल्या कामगारांच्या वर्गणीची जबाबदारी त्यात मुख्य नियोक्त्यावर, म्हणजे कार्यालयावरच टाकली आहे. लेखाधिकारी मॅडमनी पुढचं देयक रोखून धरलं. एरवी फोन न उचलणारा सुपरवायझर आता स्वतः फोन करू लागला, "ताई, मॅडमना सांगा ना, भरतोय आम्ही."

पासबुकातले कोरे महिने भरले, माझे आणि सोबतच्या शिपायांचेही. सफाईच्या एका काकांचा तर यूएएनच काढलेला नव्हता. त्यांची तक्रार ईपीएफओच्या, म्हणजे भविष्य निधी संघटनेच्या, पोर्टलवर टाकली आहे, ती अजून चालू आहे.