एव्हरेस्ट, 1924 आणि सात लामा

आज सुट्टी, म्हणून दुपारी 1924 च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेवरचा माहितीपट ‘द एपिक ऑफ एव्हरेस्ट’ लावला. म्हटलं मूकपट आहे, दहा मिनिटांत डुलकी लागेल. कसली डुलकी! कॅप्टन जॉन नोएल या पठ्ठ्याने 8000 पौंड मोजून मोहिमेच्या चित्रीकरणाचे हक्क आधीच घेतले होते. फिल्म धुवायला दार्जिलिंगला खास लॅब थाटली होती.

मोहिमेतले गिर्यारोहक मॅलरी आणि अर्विन 8 जूनला वर गेले ते गेलेच. मग वरच्या कॅम्पवरची माणसं बर्फात ब्लँकेटं पसरून फुली करतात. खूण ठरलेली होती: आशा सोडा. आणि खालून नोएल हे टेलिफोटो लेन्सने टिपतोय! तिथे मला पॉज करावंच लागलं.

पुढचं प्रकरण मात्र पटलं नाही. लंडनमध्ये सिनेमाच्या खेळाला स्टेजवर नाचायला नोएलसाहेबांनी तिबेटातून सात लामा आणवले. पडद्यावर तिबेटी माणसं जशी दाखवली तेही ल्हासाच्या तिबेटी सरकारला झोंबलंच होतं. झालं, तिबेटने परवानगीच नाकारली आणि पुढची एव्हरेस्ट मोहीम थेट 1933 ला! पब्लिसिटीचा सोस तेव्हाही होताच म्हणायचा.

बघणार असाल तर 2013 ची रिस्टोअर केलेली प्रत शोधा. आणि मोबाइलवर नको, प्लीज.