न्यूजप्रिंटला सोसेल अशी पट्टी

तीन चौकटींची कॉमिक स्ट्रिप काढायला बसण्याआधी ती किती जागेत छापणार, ते विचारून घ्या. आठ कॉलमी पानात चार कॉलमांची पट्टी साधारण १६ सेंमी रुंद आणि ५ सेंमी उंच बसते. दैनिकागणिक थोडा फरक पडतो. मूळ चित्र दीडपट काढावं, म्हणजे २४ बाय साडेसात सेंमी. दुपटीत हात मोकळा चालतो खरा, पण ३२ सेंमीचं चित्र ए-फोर स्कॅनरवर मावत नाही. दोन तुकडे जोडावे लागतात आणि सांध्यापाशी रेघ हमखास सरकते. चौकटींमध्ये साडेचार मिमी सोडले की प्रत्येक चौकट ७७ मिमीची होते.

पावसाळ्यात सांगलीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट चढलं, तेव्हा त्यावर पट्टी सुचणारच. पहिल्या चौकटीत आजोबा विचारतात, "आयर्विनला किती झालंय रं?" दुसरीत नातू मोबाइलमध्ये डोकं घालून, "थांबा आजोबा, बघतो." तिसरीत तो मान वर करतो, तर आजोबा ट्रंक, रेडिओ आणि मांजर घेऊन माळ्यावर बसलेले. तिथं शब्द नको. चित्रानं हसवलं की संवादाच्या फुग्यानं पुन्हा हसवायला जाऊ नये. पाण्याचा आकडाही कुठे घालू नका. पट्टी काही दिवस आधी द्यावी लागते. तोवर पाणी ४० फुटांची इशारा पातळी ओलांडून ४५ च्या धोका पातळीला टेकलं, तर तीच पट्टी बघवत नाही.

पेन्सिलीत आधी अक्षरं, मग फुगा, माणसं शेवटी. उलट केलं की फुगा कुणाच्या तरी डोक्यावर चढतो. आधी बोलणारा डावीकडे, आणि त्याचा फुगा वरच्या बाजूला. मूळ चित्रात अक्षर ३ मिमी उंच ठेवलं तर छापून २ मिमीचं होतं. त्याखाली जाऊ नका. वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असल्यानं दोन ओळींत ७ मिमी अंतर लागतं. या हिशेबानं एका चौकटीत बारा-चौदा शब्द मावतात.

हातानं लिहिताना सर्वांत जास्त जपायचं ते भ आणि ध ला. शिरोरेषेतली फट बुजली की भ चा म होतो, ध चा घ होतो, आणि न्यूजप्रिंटवर, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदावर, शाई पसरून नेमकी हीच फट बुजते. 'भडंग' लिहिलेलं 'मडंग' छापून येतं. मूळ चित्रात ही फट पाऊण मिमी तरी ठेवा. ख चे पायही नीट जोडा, नाहीतर 'रव' वाचलं जातं.

शाईसाठी गुळगुळीत आयव्हरी कार्ड बरं. खरखरीत कार्ट्रिज पेपरवर निब धाग्यात अडकते आणि शिंतोडे उडतात. नव्या निबवर तेलाचा पातळ थर असतो. साबणानं धुतल्याशिवाय शाई धरत नाही. बाहेरची रेघ ०.८ मिमी, आतली बारीक रेघ ०.३ पेक्षा कमी नको. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कागद ओल धरतो आणि रेघेला मिशा फुटतात, म्हणून कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवावा. फिकट निळ्या पेन्सिलीनं कच्चं काढलं तर खोडायची गरज नाही: ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) रंगीत स्कॅन करून फक्त निळा चॅनल (स्कॅनमधला निळ्या रंगाचा थर) घेतला की ती पेन्सिल नाहीशी होते.

खरी कसोटी रंगात लागते. छपाईच्या शाया चार: सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबी), यलो (पिवळा) आणि ब्लॅक (काळा). पुढचे आकडे त्यांचे टक्के. न्यूजप्रिंट शाई पितो. निम्मी जागा व्यापणारा, म्हणजे ५० टक्क्यांचा, ठिपका छापून ७५ च्या आसपास दिसतो. त्यामुळे स्क्रीनवर फिकं, जवळजवळ बेचव वाटेल इतकं हलकं रंगवावं लागतं. मार्केट यार्डातली हळदीची पोती रंगवताना यलो १०० ला मॅजेंटा २० दिला तर भगवी पोती मिळतात, १० पुरतो. चेहऱ्याला मॅजेंटा २०, यलो ३०. सावळा चेहरा हवा तर हेच दोन वाढवा, सायन अगदी शेवटी आणि जपून, कारण तो जरा जास्त झाला की माणूस आजारी दिसतो. कृष्णेच्या गढूळ पाण्याला यलो ६०, मॅजेंटा ३५, सायन २०. त्यात ब्लॅक मिसळायचा मोह आवरा, पाण्याचं डांबर होतं.

चारही शाईंची बेरीज २४० च्या वर नको, नाहीतर शाई वाळत नाही आणि पानामागे उतरते. रेघ फक्त ब्लॅक १०० मध्ये, वेगळ्या लेअरवर, मल्टिप्लाय आणि ओव्हरप्रिंट करून, म्हणजे ती खालच्या रंगावरच छापली जाते. आरजीबीतला (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्यातला) काळा तसाच सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) बदलला तर तो चार शायांचा होतो. प्रत्येक शाईची छपाईची प्लेट वेगळी असते, ती केसभर हलली की अक्षराला लाल-निळी सावली येते. रंग रेघेच्या मध्यापर्यंत आत न्या, म्हणजे प्लेट हलली तरी पांढरी फट दिसत नाही. गडद रंगावर पांढरी अक्षरं टाळाच.

छापून आल्यावर अंक भिंगाखाली धरा. एकाच बाजूला रंगाची किनार दिसली तर रजिस्टर, म्हणजे प्लेटांची जुळणी, हललंय, तुमचे आकडे बदलू नका. किनार नसून सगळी पट्टीच गडद दिसली, आणि असं दोन-तीन अंकांत सलग झालं, तर पुढच्या वेळी मधल्या छटा पाच-पाच टक्क्यांनी उतरवा.