वारं पडायची वाट : निफाडची एक रात्र

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नाशिकला निघालो तेव्हा हवामान खात्याचा अंदाज असा होता : आकाश निरभ्र, ईशान्येकडून जोराचे वारे, किमान तापमानात घट. हिमाचल-काश्मीरकडे बर्फ पडून गेला होता. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे उत्तरेत पाऊस-बर्फ आणणारी पश्चिमेकडची हवेची प्रणाली, पुढे सरकला की त्याच्या मागून कोरडी, गार हवा खाली उतरते आणि एक-दोन दिवसांत खानदेश ओलांडून नाशिकपर्यंत येते. पुण्यात घरचे म्हणाले, "मजा आहे तुमची, मस्त थंडी मिळणार." बातम्यांतही तोच सूर होता. पर्यटकांची गर्दी, गरम मिसळ, स्वेटरची दुकानं.

शहरातले दिवस भरकन गेले. रामकुंडावर वाऱ्यानं उभं राहवेना. त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या पायऱ्यांवर वारा इतका झोंबत होता की अर्ध्यातून उतरून आलो. गंगापूर रोडवरच्या हॉटेलात खिडकी नीट लागत नव्हती आणि गरम पाणी आठ वाजता बंद व्हायचं. थंडीच्या हंगामाचं जादा भाडं घेता, तर निदान खिडकी लागायला हवी. हे मी काउंटरवर स्पष्ट सांगितलं आणि इथंही सांगते.

खरा प्रवास सुरू झाला तो निफाड तालुक्यात, मैत्रिणीच्या द्राक्षबागायतदार माहेरी.

संध्याकाळी पोचलो तेव्हा ओट्यावर आजी वासराच्या अंगावर गोणपाट बांधत होत्या. घरात हुलग्यांचं शेंगोळं रटरटत होतं, चुलीवर वहिनी बाजरीच्या भाकरी थापत होत्या. असं गरम शेंगोळं आणि लसणाची चटणी मला कुठल्याही हॉटेलात मिळालेली नाही. जेवणं झाल्यावर काकांनी मोबाइलवर आलेला कृषी सल्ला मोठ्यानं वाचायला घेतला. हा सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. पुढच्या पाच दिवसांचं कमाल-किमान तापमान, सकाळ-दुपारची आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा, आकाश किती ढगाळ, आणि मग पिकांना, जनावरांना, कोंबड्यांना काय जपायचं ते. सगळं घर ऐकत होतं. बारावीतला पुतण्यासुद्धा वही मिटून बसला होता.

वाचून झाल्यावर मैत्रिणीचे भाऊ, दादा, एवढंच म्हणाले, "वारं कधी पडल, ते नाही लिहिलं."

मला वाटलं होतं, वारा थांबला तर बरंच. दादांनी समजावलं, "ताई, वारं चालू आहे तोवर अंगाला बोचतं, पण बागेला तेवढं भ्या नसतं. वारं हवा हलवत ठेवतं. वारं पडलं का मग खरी थंडी बसती." निरभ्र रात्री जमीन आपली ऊब वर सोडून देते, तिच्यालगतची हवा गार होऊन जड होते आणि सखल जागी साचते. वारा असला की वरची जरा ऊबदार हवा तिच्यात मिसळत राहते. वारा थांबला की मिसळणं थांबतं. गोदावरी आणि कादवेचं हे खोरं सपाट, खोलगट, कालव्याच्या पाण्यानं भिजलेलं. राज्यात सर्वांत कमी तापमान म्हणून निफाडचं नाव दर हिवाळ्यात येतं, तो आकडा इथल्याच कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा. डिसेंबर २०१८ मध्ये तिथं १.८ अंश नोंदवले गेले, शेतात दव गोठलं होतं. ते साल काका अजून विसरलेले नाहीत.

यांची एक द्राक्षबाग सप्टेंबरात छाटलेली, आगाप, म्हणजे लवकर तयार होणारी. तिच्या मण्यांत पाणी उतरायला लागलं होतं, आणि थंडीला सगळ्यांत भिणारी हीच अवस्था. गारठ्यात पानांतून पाणी उडणं मंदावतं, पण जमिनीत ऊब असल्यानं मुळं पाणी ओढतच राहतात. मण्यात दाब वाढतो आणि साल तडकते. तडा गेलेला मणी निर्यातीला तर नाहीच, साध्या बाजारालाही चालत नाही. म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर धरायचा. काही जण ठिबकही सोडतात, विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं म्हणून. ठिबक सोडावं की नाही यावर मात्र काका आणि दादांचं त्या रात्रीही एकमत झालं नाही.

अडीच वाजता आम्ही उठलो. बाहेर वारा अजून चालूच होता. मोबाइलवर नाशिकचं तापमान ११ अंश दिसत होतं. दादांनी बागेच्या खालच्या कोपऱ्यात, नाल्याच्या बाजूला, मांडवाच्या तारेला तापमापी टांगली होती. तिच्यावर ९. जिल्हाभर हवामान सारखं नसतं : इगतपुरीला पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, निफाड-सिन्नरकडे त्याचा पाव हिस्साही नाही, आणि तरी थंडीच्या बातमीत सगळ्या जिल्ह्याला मिळून 'नाशिक' हा एकच आकडा. आता महसूल मंडळागणिक स्वयंचलित केंद्रं उभी आहेत, काही बागायतदारांनी स्वतःच्या खर्चानं बागेत यंत्रं बसवली आहेत. पण ज्याच्याकडे दीड एकर बाग आणि डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे, त्यानं रात्री जागंच राहायचं. गावपातळीवरचा, तासातासाचा अंदाज या लोकांच्या हातात साध्या मराठीत पोचला पाहिजे. तो रात्रीची झोप वाचवेल आणि पीकही वाचवेल.

साडेतीनच्या सुमारास वारा मंदावला. आधी पानांची सळसळ विरळ झाली, मग नाल्यावरची बाभूळ हलायची थांबली. दादा टॉर्च घेऊन तापमापीकडे गेले आणि तिथूनच ओरडले, "आठच्या खाली आलं! पेटवा!"

ओळींच्या तोंडाशी उसाचं पाचट, छाटणीच्या वाळलेल्या काड्या आणि वरून गोवऱ्या रचून ठेवल्या होत्या. सुरगाण्याकडून आलेली मजुरांची जोडपी आमच्या आधीच बाहेर आली होती. पेठ-सुरगाण्याची ही माणसं द्राक्षाच्या हंगामात इकडे येतात, विरळणीपासून काढणीपर्यंतची बरीच कामं त्यांच्या हातून होतात. त्यांतली एक तरुण बाई पाठीला झोळीत लेकरू बांधून गोवऱ्या वाहत होती. अंगावर साडी आणि वरून एक सुती चादर. वहिनी तिला म्हणाल्या, "अगं, लेकराला आत ठेव ना, किती गारठा आहे!"

ती म्हणाली, "आत जास्त गार हाय वहिनी. हितं शेक तरी हाय."

तिची खोली पत्र्याची होती. मी नंतर आत जाऊन पाहिली. पत्र्याच्या आतल्या बाजूला दवाचे थेंब लोंबत होते, खाली जमिनीवर सतरंजी. ज्या थंडीत आपण वासराला गोणपाट बांधतो आणि घडांसाठी रात्रभर धूर करतो, त्या थंडीत हे लेकरू त्या पत्र्याखाली झोपतं. मला फार वाईट वाटलं, आणि मी तसं काकांना बोलून दाखवलं. पाहुणीनं बोलू नये असं मानणारे बोलोत, मला गप्प राहणं जमलं नसतं. काका रागावले नाहीत. वहिनींनी त्याच पहाटे घरातल्या दोन वाकळा आणि एक ब्लँकेट तिकडे नेऊन दिलं, आणि पत्र्याखाली ताडपत्री व पाचटाचा थर द्यायचं काकांनी दुसऱ्या दिवशी मनावर घेतलं. हंगामापुरती का होईना, माणसांना राहायला दिलेली जागा उबेची असली पाहिजे, हे प्रत्येक बागेत पाहिलं गेलं पाहिजे.

सहाला सर्वांत कमी आकडा दिसला, ६.५. ऊन आल्यावर दादांनी ओळीनं घड पाहिले. नाल्याकडच्या शेवटच्या ओळींत थोडे मणी तडकले होते, बाकी बाग सुखरूप होती. एवढी रात्र काढूनही कुणी थंडीला शिव्या देत नव्हतं. काका म्हणाले, "थंडी परवडली, ढग नको." २६ नोव्हेंबर २०२३ च्या अवकाळी पावसानं आणि गारांनी या तालुक्यात बागाच्या बागा झोडपल्या होत्या. थंडीशी रात्रभर झुंजता येतं, गारांपुढे काहीच चालत नाही.

दुपारी नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलो. रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेली ही महाराष्ट्रातली पहिली जागा. चापडगावच्या बाजूनं मनोऱ्यावर चढलो. पक्षी भरपूर होते, पण वारा पुन्हा सुटला होता आणि दुर्बीण हातात स्थिर राहीना. तिथं आलेल्या शहरी मंडळींनी मोठ्यानं गाणी लावली होती, त्याचा मला राग आला. पाण्याच्या काठी तेवढा वेळ तरी शांत राहता येतं.

मंगळवारी पुण्यात परतल्यावर मैत्रिणीचा फोन आला. नव्या सल्ल्यात वाऱ्याचा वेग निम्म्यावर, किमान तापमान आणखी दोन अंशांनी खाली आणि शुक्रवारपासून अंशतः ढगाळ असं आलं होतं. ढग म्हणजे भुरीची, त्या बुरशीच्या रोगाची, धास्ती, त्यामुळे दादा फवारणीच्या तयारीला लागले होते आणि पाचटाची आणखी एक ट्रॉली सांगून ठेवली होती. पत्र्याखाली ताडपत्री बसली का, ते मी आधी विचारलं. बसली होती.