गच्चीवरचा खांब आणि किरणोत्सव

कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव मी लहानपणापासून बघतेय. 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी, मग 9, 10, 11 नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि देवीच्या पायांपासून वर चढत जातात. पण याच तारखा का, हे मला कळलं ते शिलाईच्या खडूमुळं.

आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालायच्या तारेचा लोखंडी खांब आहे. पश्चिमेला अजून उसाची शेतं, त्यामुळं सूर्य पार बुडेपर्यंत दिसतो. मावळताना खांबाची सावली बारा फुटांवरच्या पूर्वेच्या कठड्यावर पडते. 10 नोव्हेंबरला सहज तिथं खडूनं रेघ मारली. दुसऱ्या दिवशी सावली उत्तरेला पाऊण इंच सरकलेली! मग मशीन बंद करून रोज संध्याकाळी वर जायची सवयच लागली. डिसेंबर उजाडला तशी सावली आळसावली. 22 तारखेच्या आसपास तर आठवडाभर रेघेवर रेघ. तोवर टेपनं मोजलं तर दीड फूट झालं होतं. आणि मग सावली परत फिरली. 1 फेब्रुवारीला ती नोव्हेंबरच्या त्याच रेघेवर आली, दोन धाग्यांचा फरक असेल नसेल. खडू हातात धरून मी तिथंच बसले.

22 डिसेंबरच्या आधी जेवढे दिवस, नंतरही साधारण तेवढेच, म्हणून सूर्य दोन्ही वेळा एकाच जागी मावळतो. पश्चिमेपासून दक्षिणेकडं साधारण 18 अंशांवर.

जुन्या ग्रंथांत अशा उभ्या काठीला शंकू म्हणतात. त्याच्या सावलीवरून दिशा काढत, अयन म्हणजे सूर्याचं उत्तरेकडं किंवा दक्षिणेकडं सरकणं ओळखत. वेदांग ज्योतिषात पाच वर्षांचं युग 1830 दिवसांचं धरलंय आणि सूर्य धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी असताना उत्तरायण सुरू होतं असं सांगितलंय. आज सूर्य उत्तरेकडं परत फिरतो त्या दिवशी, म्हणजे 22 डिसेंबरच्या सुमारास, तो मूळ नक्षत्रात असतो. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, सुमारे 72 वर्षांत एक अंश, त्यानं हा फरक पडलाय. म्हणजे कुणीतरी तेव्हा बघून लिहून ठेवलं, म्हणूनच आज मागं मोजता येतं. हे मला फार मोठं वाटतं.

जूनमधली दुसऱ्या टोकाची रेघ मात्र राहिलीय. तेव्हा कोल्हापुरात सूर्य कुठला दिसायला! 21 जूनला संध्याकाळी पाच मिनिटं उघडीप मिळाली तरी पुरे.