निळ्या वस्त्रातली ती

आज लूव्रमध्ये गेले आणि मोनालिसाकडे फिरकलेच नाही. ग्रीसमधल्या तानाग्रा या जुन्या गावच्या बायकांसमोर पाय जे थबकले ते थबकलेच.

वीतभर उंचीच्या मातीच्या मूर्ती. इ.स.पू. ३३०-२०० च्या सुमाराच्या. देवी नव्हेत बहुतेक. नुसत्या उभ्या, चालता चालता थांबलेल्या, हातात पंखा घेतलेल्या बायका. अंगभर लपेटलेलं वस्त्र, आणि त्याच्या आतून कोपराचा उंचवटा दिसतो! मातीत हे कसं केलं असेल, बघतच राहिले.

अंग साच्यातून काढायचं, आतून पोकळ. डोकं, हात वेगळे करून जोडायचे. मान जरा कलती ठेवली की त्याच साच्यातली दुसरी बाई वेगळी दिसते. भाजताना फुटू नये म्हणून पाठीला भोक. भाजण्याआधी पांढरा लेप, रंग मात्र नंतर, म्हणूनच बहुतेकींचे उडालेत. एकीचं निळं वस्त्र अजून टिकलंय, काठाला सोनेरी वर्खही. तिच्यापाशी मी सर्वांत जास्त वेळ होते. आईचा डोक्यावरून घेतलेला पदर आठवला.

तानाग्राच्या थडग्यांतून या १८७० नंतर हजारोंनी निघाल्या. बऱ्याचशा चोरून उकरलेल्या. त्यामुळे कोणती कुणाजवळ ठेवली होती, ती पुरलेली व्यक्ती बाई होती की लहान मूल, हे कायमचं हरवलं. याचं फार वाईट वाटलं. कुणीतरी आपल्या माणसासोबत ती ठेवली होती ना.

निघताना वाकून एकीची पाठ पाहिली. भोक दिसलं. कडेची माती बोटानं सारखी केल्यासारखी वाटली.