सेंट्रीफ्यूज मॉडेल करणार असाल तर सेन्सरची फाईल आधी टाका : माझा अनुभव

सेंट्रीफ्यूज म्हणजे भुजेच्या टोकाला मातीची पेटी लावून ती गरगर फिरवणारं यंत्र. त्यासाठी छिद्रदाब, म्हणजे मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब, मोजणाऱ्या सेन्सरची मागणी विषय नक्की झाल्याबरोबर टाका. माती, पेटी, भराव सगळं नंतर. हे मी अजूनही चिडूनच सांगतेय.

माझा विषय होता खाडीकाठच्या मऊ चिकणमातीवरचा रस्त्याचा भराव. अशी माती कशी वागते ते तिच्यावर पडणाऱ्या दाबावर ठरतं. साध्या टेबलावर २० सेंटिमीटर थर करून काही कळत नाही, कारण तळाशी पुरेसा दाबच येत नाही. तोच थर पेटीत घालून ५० जी वेगवर्धनाला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ५० पटीला, फिरवला की तो थर १० मीटर खोल जमिनीसारखा वागतो. शिवाय पाणी निचरून माती दबायला लागणारा काळ ५० च्या वर्गाने, म्हणजे २५०० पटीने कमी होतो. प्रत्यक्षातलं एक वर्ष साडेतीन तासांत उरकतं.

केओलिन या पांढऱ्या चिकणमातीची भुकटी द्रवता मर्यादेच्या (ज्या पाण्याला माती वाहू लागते त्या प्रमाणाच्या) साधारण दुप्पट पाण्यात, निर्वातात कालवली आणि माती दाबून घट्ट करणाऱ्या प्रेसमध्ये टप्प्याटप्प्याने भार वाढवत नेला. हे सगळं सुरळीत झालं.

अडलं ते खरेदी विभागात. मला हवा होता जेमतेम ६ मिलिमीटर व्यासाचा, परदेशातून येणारा सेन्सर. फाईल परत आली, शेरा होता : ‘स्थानिक बाजारात स्वस्त सेन्सर उपलब्ध असताना हाच का?’ मी उत्तर दिलं. पुन्हा परत : तीन दरपत्रकं जोडा. बनवणारी कंपनी एकच, तर तीन आणायची कुठून? एकमेव उत्पादक असल्याचं प्रमाणपत्र जोडलं, तर त्यावर विभागप्रमुखांची सही हवी होती आणि सर परगावी. तोवर प्रेस अडकलेली. भार काढला तर माती पाणी शोषून फुगणार, म्हणून काढता येईना. मागे दुसरा विद्यार्थी त्याच प्रेससाठी खोळंबलेला, रोज विचारायचा, ‘ताई, कधी सुटतेय?’ त्याला काय सांगणार!

शेवटी टिपणाऐवजी चित्र नेलं. ते म्हणत होते तो स्वस्त, धरणात बसवतात तसला ५ सेंटिमीटर जाडीचा सेन्सर ५० जीला अडीच मीटरचा पोलादी ठोकळा ठरतो. १० मीटरच्या थरात तो मातीलाच अडवणार, मग मोजणार काय? माझा ६ मिलिमीटरचा ठरतो ३० सेंटिमीटरचा. खरेदीच्या मॅडमनी चित्र नीट पाहिलं आणि म्हणाल्या, ‘हे पहिल्याच कागदात का नाही लिहीत तुम्ही लोक?’ माझ्या मागणीपत्राच्या नमुन्यात त्यासाठी जागाच नव्हती! फाईल मात्र पुढे सरकली. तुम्ही हे चित्र मागणीपत्रालाच जोडा.

हो, केबलची लांबी मागणीतच लिहा. पेटीपासून यंत्राच्या भुजेवरच्या जोडणीपर्यंत ती पुरायला हवी. सेन्सरच्या टोकाची सच्छिद्र चकती हवा काढलेल्या पाण्यात, निर्वाताखाली भिजवून घ्या. आत हवा राहिली तर दाब उशिरा दिसतो, आणि इथे प्रत्यक्षातला एक दिवस म्हणजे जेमतेम ३५ सेकंद.

यंत्र फिरलं, भराव चढला तसा छिद्रदाब वाढला आणि हळूहळू उतरत गेला. त्या आलेखाचा मला फार अभिमान आहे. दोन सेन्सर जास्तीचे मागवा. एखादा बिघडला तर दुरुस्तीची फाईलही त्याच टेबलावरून जाते.